लादी स्वस्त, लादीखालचं काम महाग

शिवाजी पार्कच्या आसपास घराचं काम काढायचं ठरलं की कुटुंबाची पहिली फेरी टाइलच्या शोरूममध्ये होते. तिथे एसी असतो, चहा मिळतो, आणि "फुटाला साठ" असा भाव कानावर पडला की हिशेब जागच्या जागी होतो: बाथरूमच्या भिंती आणि जमीन मिळून २०० फूट, म्हणजे १२ हजार. घरी आल्यावर मिस्त्री ७५ हजारांचा आकडा सांगतो आणि घरात दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, मिस्त्री लुटतोय. दुसऱ्याचं, टाइल आणखी स्वस्तातली घेऊ. दोघांचंही चुकतं. जुन्या घरातल्या बाथरूमच्या कामात टाइलची किंमत जेमतेम पाव हिस्सा असते. उरलेले पैसे तोडायला, उचलायला, खालची गळती थांबवायला आणि लावायला लागतात. म्हणून तोडायचं की नाही, हा पहिला प्रश्न. कुठली टाइल, हा नंतरचा.

पायाखाली काय आहे, ते आधी बघा

शिवाजी पार्कचं मैदान १९२५ सालचं. तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत; १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. भोवतालच्या तीन-चार मजली, गोलाई दिलेल्या बाल्कन्यांच्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या दीड-दोन दशकांतल्या. केळुस्कर रोड असो की राऊत रोड, या घरांत मूळ लाद्या अजून शाबूत असतील तर त्या तीन प्रकारच्या निघतात, आणि तिघींची किंमत, निगा आणि तोडण्याचा खर्च वेगवेगळा आहे.

पहिली, नक्षीची लादी. साधारण आठ इंची चौकोन, बोटभर जाड, वर वेलबुट्टी किंवा भौमितिक आकृती. पुष्कळ लोक तिला चिनीमातीची समजतात. ती सिमेंटची आहे आणि तिने भट्टीचं तोंडही पाहिलेलं नसतं. लोखंडी साच्यात पत्र्याची नक्षीदार जाळी ठेवतात, तिच्या एकेका खणात पळीने एकेक रंग ओततात: पातळ केलेलं पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंगद्रव्य. जाळी अलगद उचलली की रंग एकमेकांना टेकतात, पण मिसळत नाहीत. वर कोरडं सिमेंट-रेती पसरून प्रेसखाली दाबतात, मग लादी पाण्यात मुरवतात. रंगाचा थर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही लादी इथे बनू लागण्याआधी मुंबईत श्रीमंती फरसबंदी विलायतेतून यायची. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात (१८७२) गेलात तर वरच्या कपाटांकडे बघता बघता जमिनीकडेही बघा. त्या मिंटन कंपनीच्या, स्टोक-ऑन-ट्रेंटहून आलेल्या लाद्या आहेत. या आयातीला पर्याय म्हणून स्वदेशीच्या लाटेत फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत टाइल्स काढली. कारखाना उरणला. मुंबईतल्या जुन्या घरांमधल्या चांगल्या नक्षीच्या लाद्यांचा विषय निघाला की हे नाव हटकून निघतं, आणि कंपनी आजही जुन्या नमुन्यांच्या लाद्या बनवते.

दुसरी, मोझॅक. करड्या किंवा पिवळसर सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा. ही दिसायला सामान्य, पण टिकायला तिघींत खमकी.

तिसरी खरी सिरॅमिक: माती भाजून वर काच चढवलेली. ती जुन्या घरात जमिनीवर क्वचितच. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे आणि न्हाणीच्या भिंतीवर सहा इंची पांढरे चौकोन. आपल्याकडे हे तंत्र फार जुनं आहे. बिदरला महमूद गवानच्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर पंधराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या लाद्यांचे पट्टे अजून आहेत. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेत शिरताच समोर निळ्या रंगातली अख्खी चित्रकथा दिसते. पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग जॉर्ज कोलासो या चित्रकाराने १९३५ मध्ये लाद्यांवर रंगवलेले. मुंबईच्या मध्यमवर्गापर्यंत मात्र सिरॅमिक आलं ते जपानमधून. १९२०-३० च्या दशकांत उठावाच्या फुलांच्या, मोरांच्या, देवदेवतांच्या चकचकीत लाद्या जहाजं भरून येत. गिरगाव-दादरच्या एखाद्या जुन्या जिन्यात, तुळशीवृंदावनावर किंवा देवघराच्या कोनाड्यात त्या आजही भेटतात. देशी भिंतीच्या टाइलचा जम बसला तो १९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन इंडिया सुरू झाल्यानंतर. ठाण्याच्या या कंपनीचं नाव इतकं रुळलं की 'जॉन्सन लावली' म्हणजे भिंतीला पांढरी टाइल लावली, असा अर्थ घराघरात झाला.

ठेवायची असेल तर

हॉलमधली मोझॅक काळवंडली, चरे पडले, म्हणून ती तोडणं हा सर्वांत महागडा उपाय आहे. मोझॅकच्या चिपा वरच्या थरात खोलवर असतात, त्यामुळे मशीनने घासून नवं तोंड काढता येतं. मुंबईत पॉलिशचा दर फुटाला साधारण २५ ते ४० रुपये. ३०० फुटांचा हॉल १० हजारांच्या आत-बाहेर चकाकतो. तोच हॉल तोडून फुटाला ८० रुपयांची व्हिट्रिफाइड लावली, तर जीएसटी धरून टाइल ३० हजारांवर, तोडणं साडेसात हजार, लावणं साडेसोळा हजार, ॲडेसिव्ह साडेतीन हजार, आणि जुनी लादी तिच्याखालच्या रेती-चुन्यासकट तीन-चार टन निघते, ती उतरवून न्यायला आणखी १० हजार. बेरीज ६५ ते ७० हजार. या फरकात दोन खोल्यांचा रंग होतो.

नक्षीच्या लादीचं पॉलिश मात्र वेगळ्या हाताने करायचं. मोझॅकवाला तेच मशीन, तेच खरखरीत दगड घेऊन येतो आणि दोन-तीन हात जोरात मारतो. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटरचा, ऐंशी वर्षांच्या पायांनी त्यातला काही आधीच नेलेला. राहिलेला मशीन खातं आणि फुलाच्या जागी करडं सिमेंट उरतं, ते परत येत नाही. बारीक नंबरच्या डायमंड पॅडने फक्त मळ काढायचा आणि वर मेण किंवा सीलर द्यायचं, एवढंच सांगायचं, आणि आधी कपाटामागच्या चार लाद्यांवर करून दाखव म्हणायचं. ॲसिड तर घरातूनच हद्दपार करा. सिमेंट ॲसिडने विरघळतं. लादी पहिल्या दिवशी स्वच्छ दिसते आणि नंतर कायमची खरबरीत होऊन दुप्पट मळते.

चार-पाच लाद्या फुटल्या असतील तर अख्खी खोली बदलू नका. पलंगाखालच्या किंवा माळ्याखालच्या लाद्या काढून समोर आणा आणि तिथे साधी सिमेंट लादी घाला. जुन्या लाद्या बऱ्याचदा चुन्याच्या गाऱ्यात बसवलेल्या असतात. पातळ छिन्नीने कडेकडेने हलवल्या तर अखंड निघतात. नवी नक्षीची लादी घ्यायची तर भाव फुटाला साधारण २०० रुपयांपासून पुढे, रंग वाढतील तसा चढता. नमुना जुळवून बनवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा काम सुरू करण्याआधी ऑर्डर द्या.

आणि इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर रिकामी करून देण्याआधी लाद्यांचं काय, हे करारातच विचारा. एकदा इमारत तोडणाऱ्या ठेकेदाराच्या ताब्यात गेली की त्या त्याच्या. चोरबाजारात जुनी जपानी टाइल नगावर विकली जाते. आपल्याच जिन्यातली टाइल तिथे विकत घ्यायची वेळ येऊ नये.

नवी घ्यायचीच असेल तर

आज शोरूममध्ये दिसणारी बहुतेक टाइल गुजरातच्या मोरबीची, नाव कुठलंही असो. तुमच्या कामाचे प्रकार दोनच. भिंतीची सिरॅमिक: हलकी, पाणी पिणारी, फुटाला साधारण ४० ते ८० रुपये. जमिनीची व्हिट्रिफाइड: घट्ट भाजलेली, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषणारी, ५० ते १२०, मोठे स्लॅब त्याहून पुष्कळ वर. हे बाजारातले ढोबळ भाव आहेत, १८ टक्के जीएसटी वेगळा. दुकानदाराने फरक नीट सांगितला नाही, तर टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाका. सिरॅमिक ते बघता बघता पिते, व्हिट्रिफाइडवर ते तसेच उभे राहतात.

हा फरक लावताना फार महागात पडतो. सिरॅमिक पाण्यात भिजवून सिमेंटच्या गाऱ्यात लावली तरी धरते. व्हिट्रिफाइड पाणीच पीत नाही, म्हणून सिमेंट तिला चिकटत नाही. तिला ॲडेसिव्हच हवं. "आम्ही तीस वर्षं सिमेंटनेच लावतोय" असं मिस्त्री म्हणाला, तर तीस वर्षांपूर्वी या टाइल घरोघरी नव्हत्या, एवढं त्याला नम्रपणे सांगा.

आता नक्षीबद्दल. छपाईचं तंत्र इतकं पुढे गेलंय की सिरॅमिकवर लाकूड, संगमरवर, सिमेंट, कापडाचा पोत, काहीही उमटतं. जुन्या नक्षीच्या लादीची नक्कलही मिळते, मूळ लादीच्या निम्म्या-पाव भावात. भिंतीवर किंवा ओट्यामागे ती छान दिसते. पण जमिनीवर खरी नक्षी आणि शेजारच्या खोलीत तिची छापील नक्कल असं करू नका. नक्कल ओळखू येतेच: दर चौथ्या-पाचव्या टाइलवर तोच डाग, तोच टवका पुन्हा छापलेला असतो.

बाथरूममध्ये चकचकीत टाइल जमिनीला लावायची नाही, हे माझं ठाम मत आहे. या भागात दर दुसऱ्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे. नमुना दुकानातच ओला करून, चप्पल काढून त्यावर पाय घासून बघा. कॅटलॉगमधल्या 'अँटी-स्किड' या शब्दापेक्षा तळपायाला जास्त कळतं.

बिल करताना मापाचा घोळ सांभाळा. बोलण्यातली 'दोन बाय दोन' म्हणजे ६०० बाय ६०० मिलिमीटर, आणि दोन फूट म्हणजे ६०९. चार टाइलचा खोका १५.५ चौरस फुटांचा होतो. काही ठिकाणी तो १६ धरून बिल करतात. तीन टक्क्यांचा हा फरक हॉलभर पसरला की हजाराच्या घरात जाऊ शकतो. खोक्यावर चौरस मीटर छापलेले असतात, त्याला १०.७६ ने गुणा आणि त्यावर भाव लावायला सांगा. खोक्यावर ग्रेडही असते. 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' किंवा 'कमर्शियल' यांत फरक किनारीच्या सरळपणाचा आणि डागांचा असतो. दुसरी ग्रेड पहिलीच्या भावात घेऊ नका. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये फट दिसली तर ती वाकडी आहे, आणि मोठ्या आकारात हे फार होतं. सगळ्या खोक्यांवर शेड आणि बॅच नंबर एकच असावा. कापाकापीसाठी ८ ते १० टक्के जास्त घ्या, आणि काम झाल्यावर एक खोका माळ्यावर टाका. पाच वर्षांनी नळ गळेल, चार टाइल तोडाव्या लागतील, तेव्हा ती शेड बाजारात नसेल.

७५ हजार कसे होतात

आठ बाय पाचची न्हाणी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जमीन ४० फूट. भिंतीला सात फुटांपर्यंत डॅडो, दरवाजा वजा जाता १६५. मिळून २०५ फूट. कापाकापी धरून सुमारे २२५ फूट टाइल, ६० रुपयांनी आणि जीएसटीसह सुमारे १६ हजार. लावण्याची मजुरी मुंबईत फुटाला ५० ते ७०; ६० धरली तर १२ हजार ३००. तोडणं २५ रुपयांनी ५ हजार १००. टाइल काढली की भिंतीचं प्लास्टर सुटून येतंच. ते नव्याने करायला ५० रुपये दराने सव्वाआठ हजार. ॲडेसिव्हच्या पाच गोण्या, अडीच हजार. सांध्यांत एपॉक्सी भरलं तर ४ हजार १००. टाइल वर चढवायला दीड हजार. राडारोड्याच्या ७० गोण्या खाली आणून गाडीने नेणं साडेपाच हजार.

राहिलं वॉटरप्रूफिंग, २० हजार. घरातली मंडळी पहिली कात्री इथे लावतात, आणि मुळात हाच खर्च वाचवायचा नसतो. टाइल पाणी अडवते हा भ्रम आहे. पाणी सांध्यांतून खाली जातंच. अडवतो तो खालचा थर. जुना कोबा पूर्ण काढून, पाइपांचे सांधे बदलून, केमिकलचा थर देऊन, वर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, हे काम आहे. ते झालं की टाइल लावण्याआधी न्हाणी पाण्याने भरून किमान दोन दिवस ठेवायला लावा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. ठेकेदार घाई करेल, कारण ते दोन दिवस त्याचे कारागीर बसून असतात. करारात ते आधीच लिहा. दोन सदनिकांमधली न्हाणी-स्वयंपाकघराची गळती ही त्या सदस्यांची जबाबदारी, गच्चीची गळती सोसायटीची. खालच्या जोशीकाकूंचं छत ओलं झालं तर दुरुस्ती तुमच्याच खिशातून जाणार.

बेरीज सव्वापंचाहत्तर ते शहात्तर हजार, नळकाम सोडून. टाइल ६० ऐवजी ४५ ची घेतली तर वाचतात चार हजार. जुनी टाइल घट्ट असेल आणि गळती नसेल, तर भिंतीवर टाइलवर टाइल लावून तोडणं, प्लास्टर आणि निम्मा राडारोडा मिळून १५ हजार सहज वाचतात. जमिनीवर मात्र हा मार्ग जपून. ऐंशी वर्षांच्या इमारतीत घरभर एक थर वाढवला तर ६०० फुटांना टन-सव्वा टन वजन वाढतं. ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय थर चढवू नका.

कामाआधी आणि कामानंतर

सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पागडीचं घर असेल तर मालकाचीही. उपकरप्राप्त इमारतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचं काम निघणार असेल, तर आधी ते होऊ द्या, नाहीतर नवी न्हाणी पुन्हा फुटेल. राडारोडा समुद्राकडे किंवा नाल्यात 'टाकून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. महापालिकेची डेब्रिज उचलण्याची सशुल्क सेवा आहे, चौकशी जी-उत्तर विभागात, हरिश्चंद्र येवले मार्गावर. दंड झाला तर तो घरमालकाच्या नावावर येतो.

मिस्त्रीला काम रोजावर न देता उक्तं द्या, पण टप्पे पाडून: तोडणं, पाण्याची चाचणी, लावणं, सांधे. शेवटचे १५-२० टक्के हातात ठेवा. ते देण्याआधी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर खाली ॲडेसिव्ह नाही, आज ना उद्या ती सुटणार. न्हाणीत बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी कोपऱ्यात तळं दिसलं तर उतार चुकला आहे, आणि पूर्ण पैसे हातात पडल्यावर तो कोणी दुरुस्त करत नाही.

बिल पक्कं घ्या. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेली टाइल वाकडी निघाली तर तक्रारीला पुरावाच राहत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. बिलावर कंपनी, ग्रेड, शेड नंबर आणि चौरस मीटर, या चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.